गाठ न मारलेले टाके

११ ऑगस्ट

खोटं बोलले. धडधडीत खोटं. आणि त्याची काही म्हणजे काही गरज नव्हती!

पौर्णिमेची बैठक होती, थोरलीच्या जुन्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत. थोरली म्हणजे मंडळाची प्रमुख. जन्मभर लोकांचे दात काढले, आता निवृत्त. ती खुर्ची अजून खाली आहे, वर चादर टाकलेली. जिना चढताना दर वेळी वाटतं, चादरीखाली कुणीतरी आ करून बसलंय.

विक्का म्हणतात ह्या मार्गाला. साध्या भाषेत चेटूकच. कागदावर लिहितानासुद्धा इकडेतिकडे बघितलं मी. हे गेल्यापासून जे हाती लागेल ते वाचते, तसंच ते पुस्तक लायब्ररीत हाती लागलं. बागकामाच्या कपाटात चुकून ठेवलेलं. त्यात लिहिलं होतं की ऑक्टोबर संपतो त्या संध्याकाळी गेलेल्या माणसासाठी ताट मांडतात, आणि सगळे एक शब्द न बोलता जेवतात. ते पान मी कितीदा वाचलं असेल! तेवढ्यासाठी ह्या मंडळात आले. ह्यांच्यासमोर एकदा बसून जेवायचं, बस.

आज थोरली म्हणाली, प्रत्येकाने आपापला मार्ग सांगा. बसवाली, म्हणजे शहरबस चालवते ती, म्हणाली, "माझं सगळं मिसळलेलं. जिथलं जे पटेल ते उचलते. कुणाच्या बापाची भीती नाही." नर्सरीवाली हळूच म्हणाली, "मी एकटीची. कुंड्या, मुळं आणि स्वयंपाकघर." घड्याळं दुरुस्त करणारा एकच पुरुष आहे आमच्यात, तो थोरलीचा चेला, दुसऱ्या पायरीवरचा. तो हसत म्हणाला, "आजकाल काय, पुस्तक वाचलं की झाली चेटकीण!" सगळे हसले. मीही हसले. कान तापले पण.

शाळा अर्धवट सुटली माझी. 'वाचून वाचून शहाणी झालीय' हे जन्मभर ऐकलंय. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, "आमच्या घरातलंच आहे. सासूबाईंकडून आलं."

थोरली पुढे वाकली. "त्या आहेत?"

आता हिला भेटायचं असणार! मी म्हटलं, "गेल्या."

गेल्या!!

काय शिकवलं त्यांनी, म्हणून विचारलं. आता काय सांगू? आजारी माणसाच्या कपड्याला आतून टाके घालायचे, म्हटलं. विरळ. शेवटच्या टाक्याला गाठ मारायची नाही, दोरा मोकळा सोडायचा. दुखण्याला बाहेर जायला वाट राहते.

कुठून सुचलं ते मला ठाऊक आहे. ह्यांचे रेडीमेड शर्ट. खालच्या पट्टीच्या आत नेहमी असले कच्चे टाके असायचे. कारखान्याचं आळशी काम. माझा हात शिवणाचा, मला बघवायचं नाही. उसवून टाकायचे. दुकान बदला, म्हणायचे. हे म्हणायचे, "राहू दे गं, टोचत नाहीत."

त्या भिकार कामाला आज मी मंत्र करून आले.

१२ ऑगस्ट

दिवंगत सासूबाई सकाळी चहात साखर कमी म्हणून ओरडल्या.

मी जास्तीची दोन चमचे घातली. "आता काय पाक करतेस?" म्हणाल्या.

ऐंशी उलटली, पण आवाज खणखणीत. फक्त डोळे मंदावलेत. पूर्वी उठल्याबसल्या "सुई ओवून दे गं" असायचं. हे गेल्यापासून तेही बंद. कशाला हवी होती सुई, कधी विचारलं नाही. उशांचे अभ्रे शिवत असतील.

त्यांच्याकडे बघवलं नाही दिवसभर.

२० ऑगस्ट

लायब्ररीत गेले. म्हटलं, निदान खोटं तरी नीट समजून घ्यावं.

केवढा पसारा आहे! मला वाटलं होतं, चेटकिणी म्हणजे सगळ्या एकच. थोरलीचा पंथ पायऱ्यांचा. आधी वर्ष आणि एक दिवस शिकायचं, मग दीक्षा, मग शपथ. कळलेलं बाहेर बोलायचं नाही. दीक्षा देणाऱ्याला कुणीतरी दिलेली असली पाहिजे, त्याला आणखी कुणीतरी. हातातून हातात. डायॅनिक म्हणून आहेत, त्यांच्यात बहुतेक ठिकाणी नुसत्या बायका आणि नुसती देवी. थोरलीच्या मंडळातून दोघीजणी तिकडे गेल्या, बसवालीने सांगितलं होतं. घड्याळवाल्यासमोर मोकळं रडता येत नाही म्हणाल्या. थोरलीचं म्हणणं, देवीबरोबर देवही हवा, नाहीतर गाडी एका चाकाची. त्यावरून दोन्हीकडे तोंडं फिरली ती फिरलीच.

मग एकेकट्या. कुणाकडून दीक्षा नाही, मंडळ नाही. वाचतात, चुकतात, शिकतात. पुष्कळ जण असेच आहेत म्हणे. काहींचा सगळा धर्म ओट्याजवळ, ढवळायचं तेही मनात काहीतरी धरून. काही देव मानतच नाहीत, तरी मेणबत्ती लावतात. का लावता विचारलं तर म्हणतात, बरं वाटतं. मला ह्यांचं पटलं!

आणि घराण्याच्या. 'आमच्या आजीकडून आलं' म्हणणाऱ्या. त्याखाली पुस्तकात एक ओळ होती. अशा आज्यांचा पुरावा क्वचितच मिळतो.

पुस्तक मिटलं. लायब्ररीतली बाई माझ्याकडेच बघतेय असं वाटलं. ती खरं तर पंखा बघत होती, कुरकुरत होता तो.

म्हणजे 'पुस्तकं वाचून आले, एकटीच आहे' हाही एक चांगला सरळ मार्ग होता. नाव असलेला. मी तेवढं खरं बोलले असते तर पुरलं असतं.

२ सप्टेंबर

पावणेतीन वर्षं झाली ह्यांना जाऊन. अजून नळ ठिबकला की हाक मारायला तोंड उघडतं. नळकामवाल्याची बायको, सवय जात नाही.

आज न्हाणीघरातला वॉशर मीच बदलला. वाकडा बसला. ठिबकतोच आहे. ठिबकू दे.

१० सप्टेंबर

आज ते विचारलं.

जमिनीवर दोराचं वर्तुळ घालतात. एका बाजूने उघडं ठेवतात, तिथे थोरली उभी असते. आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "कशाने आत येतेस?" उत्तर ठरलेलं आहे. पूर्ण प्रेमाने आणि पूर्ण विश्वासाने. आत्तापर्यंत मी पाहुणी होते, मला विचारत नव्हते. आज विचारलं.

थोरलीच्या अंगाला अजून लवंगेचा वास येतो. डोळ्यांत बघते, दात बघितल्यासारखी.

"पूर्ण प्रेमाने आणि पूर्ण विश्वासाने," मी म्हटलं.

नंतर चहा घेताना वाद झाला. विषय मीच! थोरली म्हणाली, घराण्यातून आलेलं ते खरं, पुस्तकात छापलेलं कुणीही उचलतं. बसवाली उसळली. "मग माझं काय, चोरीचं? लागू पडतं ते खरं. बस कुठल्या कंपनीची ते प्रवासी विचारतात का? पोचवते ना, बस!" घड्याळवाला म्हणाला, "तुझी बस पोचवते कुठे, वेळेवर कधी?" सगळे हसले. नर्सरीवाली हसली नाही. माझ्याकडे बघत होती.

निघताना बसवालीने मला जिन्यात गाठलं. धाकट्या बहिणीच्या पोटात गाठ आहे. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात, मी शिवणकामाला आहे तिथे, ह्याच महिन्यात. "ते टाके मला दाखवशील? तुझ्या सासूबाईंचे?"

मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील ते सगळं कर. हे काही औषध नाही."

"अगं, डॉक्टर त्यांचं करतीलच. पण मी बाहेर बाकावर हातावर हात ठेवून बसू का?"

मला तो बाक माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावरचा. मी बसले आहे त्याच्यावर.

दाखवले. तिच्याच रुमालावर घालून दाखवले. तिने तो घडी करून खिशात ठेवला, पास ठेवावा तसा.

१९ सप्टेंबर

आज माझं खोटं माझ्याच टेबलावर आलं.

आमची शिवणखोली हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईच्या शेजारी. भिंत कायम कोमट. चादरी, अभ्रे, गाऊन धुऊन आले की फाटकं-उसवलेलं आमच्याकडे. बंद तुटलेले लावायचे, चादरीची मधली विरलेली पट्टी कापून दोन्ही काठ जोडायचे. ओघळलेला दोरा एकही ठेवायचा नाही. यंत्रात अडकतो, जखमेला लागतो. हा मुकादमबाईंचा कायदा.

हिरव्या गाऊनच्या ढिगात एक गाऊन. आत, खालच्या काठाला, विरळ टाके. लाल दोऱ्याचे. वेडेवाकडे, स्टिअरिंगवरच्या हाताने घातलेले. शेवटचा मोकळा.

मुकादमबाई मागे उभ्या. "हे कसलं शिवण? कुणाच्या लेकराने केलं? उसव ते."

उसवलं. काय करणार! लालभडक दोरा बोटाला गुंडाळला गेला. मुकादमबाई चहाला गेल्यावर हिरवा दोरा ओवला, आणि आतल्या घडीत, दिसणार नाहीत असे, तेच टाके परत घातले. बारीक. शेवटच्याला गाठ नाही.

बसवालीची बहीण परवाच दाखल झालीय, पण तो गाऊन परत तिच्याच अंगावर जाईल कशावरून? ढिगात जाणार, कुणाच्याही. मला हे घालतानाही माहीत होतं. तरी घातले. स्वतःच्याच खोट्याला रफू करत बसले होते मी!

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बोटाला काय झालं? रक्त?"

"दोऱ्याचा रंग लागलाय."

"धू. अंगावरच्या रंगाने माणूस आजारी दिसतं."

२० सप्टेंबर

ऑपरेशन आज. तळघरातून वरचं काही ऐकू येत नाही. तरी कान वर.

२४ सप्टेंबर

वाचली! गाठ साधी निघाली. बसवालीने डेपोतून फोन केला, मागे इंजिनांचा घरघराट. "तुझ्या सासूबाईंचे पाय धरायला हवे होते गं मी!" रडत होती.

सासूबाई पलीकडे पाय पसरून बसल्या होत्या. पोटऱ्यांना तेल लावत. "कोण मेलं?" म्हणाल्या.

"कुणी नाही, आई. एकजण वाचली."

"मग रडतेय कशाला?"

मला आनंद झाला. झाला, खोटं कशाला लिहू. पण त्या आनंदातही मान वर होईना. सर्जनने केलं, तिच्या नशिबाने केलं, आणि श्रेय एका बाईला, जी मेलेली नाही आणि जिने काही केलं नाही.

९ ऑक्टोबर

दारातलं ते उत्तर आज परत दिलं, तसंच. आत गेल्यावर थोरली सगळ्यांसमोर म्हणाली, "हिला वर्षभर थांबवणं म्हणजे हिच्या सासूचा अपमान. पुढच्या पौर्णिमेला हिला दीक्षा."

घड्याळवाल्याचं तोंड उतरलं! त्याने वर्षं आणि दिवस मोजून काढलेत. पण टाळ्या त्यानेच आधी वाजवल्या. माणूस वाईट नाही.

मी नको म्हटलं. माझी लायकी नाही, म्हटलं. हे तरी खरं होतं. त्यांना तो नम्रपणा वाटला. बसवालीने पाठीत धपाटा घातला. "हीच खानदानी लक्षणं!"

भांडी विसळताना नर्सरीवाली शेजारी आली. हाताला कायम माती, नखांत हिरवं. म्हणाली, "मला कुणी काही दिलं नाही गं. आईने माझी झाडं उपटून फेकली होती. मी सगळं कुठून कुठून गोळा केलं, चुकत चुकत. तुझा हेवा वाटतो मला. कुणीतरी आपल्याला बसवून शिकवलं, केवढी मोठी गोष्ट."

कप हातातून सुटला. फुटला नाही. फुटायला हवा होता.

मीही तुझ्यासारखीच आहे, एवढं म्हणायचं होतं. किती सोपं वाक्य! म्हटलं काय? "साबण दे."

२२ ऑक्टोबर

नाही जायचं आता, असं ठरवलं. मग ताट आठवलं. ह्यांचं. तेवढं एक होऊ दे, मग सांगेन. मग जाणारच नाही.

लबाड आहे मी.

३१ ऑक्टोबर

हे लिहिलं नाही तर झोप लागायची नाही.

मुकं जेवण. नियम असा की वरच्या खोलीत पाऊल टाकल्यापासून मेणबत्ती विझेपर्यंत शब्द नाही. कुणी बोललं तर आलेली माणसं उठून जातात, असं मानतात. सगळं उलट मांडतात, काटा-चमच्याच्या जागा उलट, गोड आधी. ज्याचं माणूस गेलंय त्याच्यासमोर एक रिकामी खुर्ची आणि वाढलेलं ताट.

ह्यांचं ताट माझ्यासमोर होतं. पाव, सूप, सफरचंदाच्या फोडी. सालं काढलेल्या. मीच घरून नेल्या होत्या, ह्यांना साल चालायचं नाही.

आणि त्याच्या शेजारी आणखी एक खुर्ची. आणखी एक ताट. थोरलीने स्वतःच्या हाताने वाढलं, त्यापुढे सुई आणि दोऱ्याचं रीळ ठेवलं, आणि माझ्याकडे बघून मान लववली.

सासूबाईंचं!

मी तोंड उघडलं. थोरलीने ओठांवर बोट ठेवलं. बसवाली त्या ताटाकडे बघून हात जोडत होती. हुंदका आला तर दाबला तिने, नियम मोडू नये म्हणून. मी कसा मोडणार होते? ह्यांच्या समोर? हे उठून गेले तर?

जेवले. ह्यांच्याकडे बघायला आले होते ना मी? एवढे महिने त्याचसाठी? नजर सारखी शेजारच्या ताटाकडे. घरात एकटी बसलेली बाई, दिवा लावलाय की नाही, गॅस बंद केलाय की नाही, आणि इथे तिचं सूप गार होतंय. ह्यांची आई. ह्यांना वर काय वाटत असेल, असले तर. बायको आली ती आईला मारून आली!

ह्यांना एक घासही मी मनापासून वाढला नाही. ते जेवण वाया गेलं. परत वर्षाने.

घरी आले. सासूबाई ओट्याजवळ स्टुलावर. दोन ताटं झाकून ठेवलेली.

"जेवलीस?"

"हो, आई."

"मला वाटलं येशील म्हणून थांबले."

माझं ताट उघडलं आणि त्यांच्याबरोबर परत जेवले. नुसतं चिवडत होते. "आजारी आहेस का?" म्हणाल्या. नाही म्हटलं.

८ नोव्हेंबर

सांगितलं.

दीक्षेला डोळ्यांवर पट्टी बांधतात. हात दोरीने सैल बांधतात. वर्तुळाच्या दाराशी उभं करतात. अंधारात लवंगेचा वास जवळ आला.

"कशाने आत येतेस?"

"नाही येत," मी म्हटलं.

कुणीतरी हळूच म्हणालं, घाबरलीय.

"घाबरले नाही. खोटं बोलले. माझ्या सासूबाई जिवंत आहेत. आत्ता घरी आहेत. त्यांना ह्यातलं ओ की ठो माहीत नाही. ते टाके मी बनवून सांगितले. रेडीमेड शर्टातलं कच्चं शिवण बघून. मी लायब्ररीतून आलेय. मला कुणी काही दिलेलं नाही."

पट्टी होती ते बरं झालं. चेहरे दिसले असते तर अर्ध्यातच गिळलं असतं.

आधी बसवाली. "माझ्या बहिणीच्या अंगावर घातले मी ते! तुझ्या भरवशावर!" मग जिन्यावर धाडधाड पावलं. त्या पावलांचं वजन अजून छातीवर आहे.

थोरलीने पट्टी काढली. चिडली नव्हती. त्यापेक्षा वाईट, थकलेली दिसत होती. "पायऱ्या चुकत असतील तर शिकवता येतात," म्हणाली. "पण दारातलं उत्तर एकच असतं गं. तेच तू दोनदा खोटं दिलंस. आता इथे येऊ नकोस. निदान काही काळ."

हात अजून बांधलेलेच होते. घड्याळवाल्याने सोडले. खाली दारापर्यंत आला. म्हणाला, "माझ्या त्या बोलण्याने का? पुस्तकवाल्या चेटकिणीच्या?"

मी म्हटलं, "तोंड माझं होतं."

"आमचा सगळा मार्गच पुरातन म्हणून सांगत फिरले पहिले लोक," तो म्हणाला. "शंभर वर्षांचाही नाही धड. अर्ध्यांनी आज्याच उभ्या केल्या असतील." हसवायला म्हणाला. हसू आलं नाही.

नर्सरीवालीने माझी चप्पल तेवढी सरळ करून ठेवली.

१० नोव्हेंबर

कुणाचा फोन नाही. बरोबर आहे.

कामावर दिवसभर बंद लावले. मुकादमबाई म्हणाल्या, "आज फार घट्ट गाठी मारतेयस. पेशंटला सुटायला नकोत का?"

११ नोव्हेंबर

सासूबाईंनी विचारलंच. "पौर्णिमा आली की कुठेतरी जायचीस, आल्यावर गप्प गप्प. परवा आलीस ती रडून. कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"अगं, असला कुणी तर असू दे. मी काय खाणार आहे तुला?"

म्हणजे इतके महिने त्यांना वाटत होतं, मी कुणा पुरुषाला भेटते! आणि तरी माझं ताट झाकून ठेवत होत्या.

मग राहवलं नाही. सगळं सांगितलं. चेटूक, दातवाली, वर्तुळ, सगळं. 'गेल्या' म्हणाले तेही. ताट मांडलं तेही. म्हटलं आता घराबाहेर काढतील.

त्या हसायला लागल्या! बोळकं उघडून, डोळ्यांतून पाणी. "मेले? कशाने मेले?"

"ते नाही सांगितलं."

"सांगायचं की! वाढलं काय होतंत?"

"सूप. पाव."

"मिळमिळीत!" पदराने डोळे पुसले. "आणि मी चेटकीण. ह्यांनी ऐकायला हवं होतं," म्हणजे सासऱ्यांनी. "जन्मभर तेच म्हणायचे." मग म्हणाल्या, "तुझं जाऊ दे. त्या बसवालीकडे जा आधी. ती नाही म्हणाली तरी जा."

जाईन म्हटलं.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "कसले टाके सांगितलेस पण?"

जवळ उशीचा अभ्रा होता. आतल्या बाजूने घालून दाखवले. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग बोटांनी चाचपला. टाक्यांवरून बोट शेवटापर्यंत गेलं, मोकळ्या दोऱ्यावर थांबलं.

"गाठ नाही मारलीस."

"ह्यांच्या रेडीमेड शर्टांना असायचे ना तसे. तेच आठवलं. मी उसवायचे ते, दर वेळी."

अभ्रा घडी करून मांडीवर ठेवला. मग उठल्या, आत गेल्या. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाल्या.

हसत होत्या आणि एकदम काय झालं? मेल्याचं मनाला लागलं असणार. लागायलाच हवं.

१२ नोव्हेंबर

सकाळी चहा देताना म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, "रेडीमेडचे नव्हते ते. माझे होते. लहानपणी त्याचा ताप उतरेना, तेव्हा घातले होते. कुणी शिकवलं नाही, मनानेच. मग सोडवेना. तू उसवायचीस, मी परत घालायचे. तू ओवून दिलेल्या सुईनेच. त्याला माहीत होतं."

चहा गार झाला दोघींचा.

पेटीतून ह्यांचा निळा शर्ट काढला. हॉस्पिटलात नेताना अंगावर होता तो. तेव्हापासून ना धुतला, ना उघडला. खालची पट्टी उलटी केली.

आहेत.